गाळातले खोदकरी आणि समुद्रतळाची सफाई

(द्वितीय वर्ष बी. ए., भूगोल)

नदीच्या कार्याचे क्षरण, वहन आणि संचयन असे तीन भाग आपण भूगोलात शिकतो. संचयनाच्या भागात ‘वाहून आणलेला गाळ तळाशी साचतो’ असे वाक्य येते आणि प्रकरण संपते. परीक्षेच्या दृष्टीने तेवढे पुरेसेही आहे. परंतु तळाशी साचलेला गाळ पुढे तसाच स्वस्थ पडून राहतो काय? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात जगातल्या कित्येक बंदरांचे, खाड्यांचे आणि त्यांतले मासे खाणाऱ्या माणसांचे आरोग्य या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे रासायनिक समीकरणांच्या वाटेला जाणार नाही. गाळात राहणारे प्राणी काय करतात आणि त्यामुळे माणसाने योजलेल्या सफाईचे काय होते, एवढेच सांगण्याचा प्रयत्न करणार आहे.

गाळ : विषाची कोठी

विसाव्या शतकात कारखाने वाढले आणि त्यांचे सांडपाणी नद्यांत व समुद्रात जाऊ लागले. पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू, खनिज तेलाचे अंश, डीडीटीसारखी कीटकनाशके, विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरली जाणारी पीसीबी नावाची रसायने असे अनेक पदार्थ त्या पाण्याबरोबर गेले. यांपैकी पुष्कळसे पदार्थ पाण्यात फारसे विरघळत नाहीत. चिकणमातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय अंशाला ते चिकटतात व त्यांच्याबरोबर तळाशी जातात. म्हणून कारखाना बंद झाला, सांडपाणी थांबले, तर वरचे पाणी काही काळात निवळते. तळाच्या गाळात मात्र मागच्या पन्नास वर्षांचा हिशेब तसाच राहतो.

गाळ खरोखरच निश्चल असता तर फारशी चिंता नव्हती. वरून स्वच्छ गाळाचा नवा थर बसत गेला असता आणि विष आपोआप गाडले गेले असते. स्थिर गाळातून वर येणे हे अशा रसायनांच्या दृष्टीने फार सावकाशीचे काम आहे. पण गाळ निश्चल नसतो, कारण त्यात वस्ती असते.

गांडुळाने शिकवलेला धडा

‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. या मित्राचे काम प्रथम मोजून दाखवले ते चार्ल्स डार्विनने. उत्क्रांतिवादामुळे त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते. परंतु त्याचे १८८१ साली प्रसिद्ध झालेले शेवटचे पुस्तक गांडुळांवर होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्लंडमधील आपल्या घराजवळच्या एका शेतात त्याने १८४२ साली खडूचे तुकडे पसरवले. तब्बल २९ वर्षांनी, १८७१ साली, तेथे चर खणून पाहिले, तेव्हा खडूची पांढरी रेघ जमिनीखाली सुमारे ७ इंचांवर सापडली. खडू कोणी पुरला नव्हता. गांडुळे खालची माती खाऊन विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकत होती आणि खडू आपोआप खाली जात होता.

हेच काम पाण्याखाली अधिक जोराने चालते. तेथे नाना तऱ्हेचे कृमी, शिंपले, खेकडे, कोळंबीसारखे दिसणारे बिळकरी प्राणी गाळात राहतात. त्यांच्या या उद्योगाला शास्त्रज्ञ बायोटर्बेशन म्हणतात. आपण त्याला ‘घुसळण’ म्हणू. बर्नार्ड बुद्रो या कॅनडातील शास्त्रज्ञाने जगभरच्या समुद्रतळांची मोजमापे एकत्र करून पाहिली, तेव्हा घुसळल्या जाणाऱ्या थराची सरासरी जाडी सुमारे १० सेंटिमीटर भरली. ही झाली सरासरी. काही जातींची बिळे एक मीटरपेक्षाही खोल जातात.

या प्राण्यांची कामे मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिले काम कालवण्याचे. सरपटताना आणि खणताना ते वरचा गाळ खाली व खालचा वर करतात. दुसरे काम रहाटगाडग्यासारखे आहे. काही कृमी डोके खाली करून राहतात, खोलवरचा गाळ खातात आणि शेपटीकडून पृष्ठभागावर टाकतात. अशा कृमींच्या वस्तीत जे खोल गाडले गेले ते पुन्हा वर येते. तिसरे काम पाणी खेळवण्याचे. बिळात श्वासासाठी व अन्नासाठी ताजे पाणी लागते, म्हणून हे प्राणी शरीराच्या हालचालींनी वरचे पाणी आत ओढतात आणि आतले बाहेर सोडतात.

भातशेती करणाऱ्या घरातील विद्यार्थ्यांना हे तिसरे काम चटकन समजेल. खाचराचा बांध कितीही चोपून घातला, तरी खेकड्याने त्याला आरपार भोक पाडले की रातोरात खाचर रिते होते. बांध पाणी अडवील हा हिशेब खेकड्याला विचारून केलेला नसतो. पुढे आपण पाहणार आहोत की मोठमोठ्या अभियंत्यांनाही हाच अनुभव लक्षात घेऊन हिशेब करावा लागला.

तारक की मारक?

मग हे प्राणी सफाईला मदत करतात की अडथळा आणतात? याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. ते विष कोणते यावर अवलंबून आहे.

किनाऱ्याजवळच्या चिखलात प्राणवायू पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरच पोहोचतो. त्याखालचा काळा, दुर्गंधीयुक्त चिखल प्राणवायूविरहित असतो. प्राणी बिळे खणतात तेव्हा प्रत्येक बिळाच्या भिंतीभोवती प्राणवायूचे एक पातळ अस्तर तयार होते. तेलाच्या अंशांच्या बाबतीत हे उपकारक ठरते, कारण तेल खाऊन संपवणारे बहुतेक जिवाणू प्राणवायू मिळाला की जोमाने काम करतात.

धातूंची गोष्ट उलट आहे. कॅडमियम, जस्त, शिसे, तांबे हे धातू काळ्या चिखलात गंधकाशी बांधले जाऊन बरेचसे निरुपद्रवी अवस्थेत पडून असतात. तेथे प्राणवायू पोहोचला की ही बंधने सुटू लागतात आणि धातू पाण्यात उतरतात. डीडीटीची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्यापासून तयार होणारे डीडीई हे अत्यंत चिवट द्रव्य आहे. प्राणवायूविरहित समुद्री गाळातील जिवाणू त्याचेही हळूहळू विघटन करू शकतात, असे १९९८ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाले. म्हणजे एका विषाला प्राणवायू हवा, तर दुसऱ्याला तो नसलेला बरा. गाळ मात्र एकच, आणि त्यात ही सारी विषे एकत्र असतात.

पालोस व्हर्डिसची कथा

वरील प्रयोगासाठी गाळ आणला होता तो अमेरिकेतील पालोस व्हर्डिसच्या समुद्रातून. लॉस एंजेलिस शहराजवळचा हा किनारा म्हणजे आपल्या विषयाचे एक संपूर्ण उदाहरण आहे.

डीडीटी हे नाव आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला चांगले परिचित आहे. हिवतापाच्या डासांसाठी सरकारी माणसे गावोगाव घरांच्या भिंतींवर त्याची फवारणी करीत. याच डीडीटीचा मोठा कारखाना लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स येथे मॉन्ट्रोज केमिकल कंपनीने १९४७ साली सुरू केला व तो १९८२ पर्यंत चालला. त्याचे सांडपाणी सार्वजनिक गटारात जाई आणि ते गटार व्हाइट पॉइंट येथून समुद्रात सुमारे ६० मीटर खोलीवर सुटे. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९७० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांपर्यंत अंदाजे १७०० टन डीडीटी या मार्गाने समुद्रात गेले. त्याबरोबर पीसीबीही गेले.

परिणाम दिसू लागले ते प्रथम पक्ष्यांत. डीडीईमुळे अंड्यांची कवचे पातळ होतात आणि उबवताना आईच्याच वजनाने फुटतात. जवळच्या अॅनाकापा बेटावर १९७० साली तपकिरी पेलिकन पक्ष्यांच्या पाचशेहून अधिक घरट्यांतून अवघे एक पिल्लू जगले. अमेरिकेत १९७२ साली डीडीटीच्या वापरावर बंदी आली. गटारातून येणारे डीडीटी त्याआधीच थांबवण्यात आले होते. येथे गोष्ट संपावयास हवी होती, पण तळाच्या गाळाची गोष्ट येथूनच सुरू होते.

गटाराच्या तोंडाभोवती मैलामिश्रित गाळाचा थर साचला होता. काही ठिकाणी त्याची जाडी ६० सेंटिमीटरपर्यंत होती. सर्वांत विषारी भाग खाली गाडला गेला होता, कारण नंतरच्या वर्षांतल्या कमी विषारी मैल्याने त्यावर पांघरूण घातले होते. त्या काळी तळ इतका घाण होता की तेथे घाणीत तगणारे लहान कृमीच काय ते राहत. ते उथळ खणत, त्यामुळे खालच्या विषाला धक्का लागत नसे.

पुढे सांडपाण्यावरची प्रक्रिया सुधारली. घन पदार्थ कमी येऊ लागले, तळाला प्राणवायू मिळू लागला आणि प्राणी परतले. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यात तर लिस्ट्रिओलोबस पेलोडिस नावाच्या, चमच्यासारखी सोंड असलेल्या जाड कृमीची तेथे प्रचंड संख्येने वस्ती झाली. त्याने बिळे खणून त्यात पाणी खेळवले. गाळातील गंधकयुक्त दुर्गंधी कमी झाली आणि इतर जातींनाही राहण्याजोगी जागा मिळाली. काही वर्षांनी ही लाट ओसरली, परंतु खोल बिळे करणारे कोळंबीवर्गीय प्राणी या तळावर वाढत गेले.

आता यातला पेच पाहा. गटार घाणेरडे होते तोवर त्यातला मैलाच विषाला गाडत होता. गटार सुधारले तेव्हा नवा थर बसण्याचे प्रमाण घटले. त्याच वेळी तळावर जीवन परतले आणि ते खोलवर खणू लागले. म्हणजे जी सुधारणा आपण इच्छिली, तीच गाडलेल्या विषाला वरची वाट मोकळी करून देणारी ठरली. १९९० नंतरच्या दशकातील अंदाजानुसार या गाळात सुमारे १०० टन डीडीटी शिल्लक होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने हे विष किती वर्षे बाहेर पडत राहील याचा हिशेब मांडला, तेव्हा प्राण्यांच्या घुसळणीचा वेग हा त्यातला एक मुख्य आकडा होता.

वर आलेले विष कोठे जाते? लहान कृमी ते गाळाबरोबर खातात, कृमींना मासे खातात. व्हाइट क्रोकर हा आपल्याकडच्या घोळ व ढोम्याच्या कुळातला मासा तळाशीच चरतो, त्यामुळे त्याच्या चरबीत डीडीटी व पीसीबी साठतात. १९९० साली त्या भागात त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घातली गेली. तरी धक्क्यावर गळ टाकून बसणारी माणसे तो पकडत राहिली. त्यांत आशियातून आलेल्या स्थलांतरितांची संख्या मोठी होती. म्हणून तेथील सरकारला अनेक भाषांतून इशाऱ्याचे फलक लावावे लागले. सोय असलेला माणूस तो मासा टाळून दुसरा विकत घेऊ शकतो. ज्याच्या घरी संध्याकाळचे कालवण गळाला लागलेल्या माशावर ठरते, त्याच्यासाठी समुद्रतळावरचा कृमी किती खोल खणतो ही दूरची गोष्ट राहत नाही.

उपाय आणि त्यांतील खोदकऱ्यांचा वाटा

दूषित गाळाबाबत माणसाने आजवर मुख्यतः चार मार्ग योजले आहेत.

पहिला मार्ग गाळ उपसून काढण्याचा. जपानमधील मिनामाता उपसागरात चिस्सो कंपनीच्या कारखान्यातील पाऱ्यामुळे लोकांना भयंकर मज्जाविकार झाला. त्याची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. तेथे १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळावर काम झाले. काही भाग उपसला, काही जागच्या जागी बंदिस्त केला आणि ५८ हेक्टर भरावजमीन तयार झाली. या मार्गाने विष खोदकऱ्यांच्या आवाक्याबाहेर जाते. परंतु खर्च अफाट येतो, उपसताना गाळ ढवळतो आणि तळावरची सारी वस्तीही त्याबरोबर उपसली जाते. पालोस व्हर्डिससारख्या खोल व विस्तीर्ण तळावर तर तो कठीणच.

दुसरा मार्ग पांघरूण घालण्याचा, म्हणजे दूषित गाळावर स्वच्छ वाळूचा थर पसरण्याचा. हा थर किती जाड असावा? येथे खेकडा आणि बांध आठवावा. पांघरुणाची जाडी वाळूच्या गुणांवरून ठरवून भागत नाही. त्या ठिकाणी राहणारे आणि पुढे राहावयास येणारे प्राणी किती खोल खणतील हे आधी पाहावे लागते. पालोस व्हर्डिससाठी १५ आणि ४५ सेंटिमीटर अशा दोन जाड्यांचा विचार झाला. पातळ थराने घुसळण फक्त कमी होते. जाड थर मात्र बहुतेक खोदकऱ्यांना विषापासून दूर ठेवील अशी कल्पना होती. २००० साली तेथे प्रायोगिक तत्त्वावर वाळू टाकून पाहण्यात आली.

तिसरा मार्ग वाट पाहण्याचा. नवा गाळ बसू द्यावा, जिवाणूंना त्यांचे काम करू द्यावे आणि दर काही वर्षांनी मोजमाप करावे. याला आळस म्हणता येणार नाही. पण नवा गाळ बसण्याचा वेग हा घुसळणीच्या वेगापेक्षा जास्त असेल, तरच ही प्रतीक्षा फळते.

चौथा मार्ग नवा आहे. पाणी शुद्ध करण्याच्या गाळणीत असतो तसला क्रियाशील कोळसा गाळावर पसरायचा. तो डीडीटी, पीसीबी यांसारखी रसायने घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे ती प्राण्यांच्या शरीरात कमी जातात. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात हंटर्स पॉइंट या जुन्या नाविक गोदीजवळ असे प्रयोग झाले. या मार्गात खोदकरी प्राणी शत्रूचे मजूर होतात असे म्हणण्यास हरकत नाही: वर पसरलेला कोळसा तेच आपल्या घुसळणीने खाली नेऊन विषापाशी पोहोचवतात.

येथेही एक मेख आहे. नॉर्वेच्या ग्रेनलँड भागातील फिओर्डांत मॅग्नेशियमच्या कारखान्यामुळे डायॉक्सिन नावाचे विष साचले होते. तेथे २००९ साली कोळसामिश्रित पातळ थर पसरण्यात आला. विष प्राण्यांपर्यंत पोहोचणे कमी झाले, परंतु कोळसा पसरलेल्या जागी तळावरच्या प्राण्यांच्या जाती आणि संख्या दोन्ही घटल्या. जे मजूर कामाला लावायचे, त्यांनाच ते काम बाधले.

आपल्या खाड्यांकडे पाहताना

हा विषय परदेशातला म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिच्या दोन्ही काठांवर दाट वस्ती आणि कारखाने आहेत. ओहोटीच्या वेळी तिच्या चिखलावर नजर टाकली तर असंख्य भोके दिसतात. निवटी, खेकडे, चिंबोऱ्या आणि डोळ्यांना न दिसणारे कृमी तेथे रात्रंदिवस घुसळण करीत आहेत. पाण्याचा रंग सुधारला म्हणजे खाडी शुद्ध झाली, असे मानणे म्हणूनच घाईचे ठरेल. अशा खाडीच्या सफाईचा आराखडा करताना गाळातील धातूंचे तक्ते तयार होतील, ते झालेच पाहिजेत. त्याबरोबर त्या चिखलात कोण राहतो आणि किती खोल खणतो याचाही तक्ता हवा. हे ज्ञान मिळवण्यासाठी मोठी यंत्रेच लागतात असे नाही. कोणता प्राणी कोणत्या चिखलात, कोणत्या ऋतूत, किती खोल सापडतो हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या चिंबोऱ्या पकडणाऱ्या कोळी बांधवांना व भगिनींना पुस्तकांपेक्षा आधी ठाऊक असते. त्यांना विचारले पाहिजे.

समारोप

या अभ्यासातून माझ्यापुरता मी एक निष्कर्ष काढला आहे. समुद्रतळ ही अडगळीची खोली नव्हे, ते नांगरलेले शेत आहे. शेतात जे पुरले ते नांगराच्या फाळाला कधी ना कधी लागतेच. म्हणून खोदकऱ्यांना विसरून केलेली कोणतीही सफाई टिकणार नाही.

परंतु तेवढ्यावर थांबता येत नाही. खोदकरी नसते तर विष शांत पडून राहिले असते, म्हणून तळ मृत राहिलेलाच बरा, असे कोणी म्हणू शकेल. पालोस व्हर्डिसच्या हिशेबाचा तसा अर्थ लावणे मला अयोग्य वाटते. ज्या तळावर कृमी नाही, तेथे मासा नाही. ज्या खाडीत मासा नाही, तिला शुद्ध म्हणून उपयोग कोणाला? सफाईचा हेतू विष झोपवून ठेवणे एवढाच असेल तर मेलेला तळ चालेल. त्या पाण्यावर पुन्हा माणसाने निर्धास्तपणे पोट भरावे हा हेतू असेल, तर खोदकऱ्यांसह राहू शकेल असाच उपाय शोधावा लागेल, मग त्याला खर्च अधिक येवो अथवा वेळ. पालोस व्हर्डिसच्या गाळात विष जायला पंधरा-वीस वर्षे पुरली. ते जाणे थांबून पन्नासहून अधिक वर्षे झाली, तरी त्या गाळाची मोजमापे करावी लागत आहेत. नव्या गटाराचे तोंड खाडीकडे वळवण्यापूर्वी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.